मृत्यूंचं ग्राफिक करताय? आधी या चुका टाळा

कुठे पूल पडला, बस दरीत गेली, की तासाभरात मोबाईलवर ग्राफिक्स यायला लागतात आणि त्यात त्याच त्या चुका. इंदूरला ग्राफिक्स डेस्कवर बसून आणि सुट्टीच्या दिवशी पत्रकारितेच्या पोरांना शिकवून मला त्या आता पाठ झाल्यात, म्हणून एकदाच लिहून टाकते, पुढच्या बॅचला हेच वाचायला देईन.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे तयार टेम्प्लेट. ३० मार्च २०२३, रामनवमी, बेलेश्वर महादेव झूलेलाल मंदिरात हवन चालू असताना बावडीवरचा (पायऱ्यांच्या जुन्या विहिरीवरचा) स्लॅब खचला आणि माणसं खाली गेली. ती रात्र इंदूरकरांना सांगायला नको, आकडा संध्याकाळपासून वाढत वाढत शेवटी ३६ वर थांबला. त्या रात्री एका पोर्टलवर (नाव राहू दे) एका उत्साही मुलाने निवडणूक निकालाचं टेम्प्लेट उचललं, "आघाडी"च्या जागी "मृत" टाकलं आणि लाइव्ह केलं. आकडा बदलला की गर्रकन फिरायचा, शेजारी बाण. आता निवडणुकीच्या हिशेबाने वाढ म्हणजे चांगलीच गोष्ट, त्यामुळे एकेक मृतदेह वर आला की हिरवा बाण वर. हिरवा! डेस्कवर कोणाच्या लक्षातही आलं नाही, कारण सगळे आकडा भरायच्या घाईत, भरल्यावर दिसतं कसं ते बघायला कोण बसलंय. ज्यांच्या घरचं माणूस अजून सापडलं नव्हतं त्यांच्याही हातात फोन होते, त्यांनी मात्र बघितलं असणार. मुलगा नंतर मला म्हणतो, "ताई, टाइमच नव्हता, बाकीच्यांनी केव्हाच लावलं होतं." अरे, टाइम नव्हता तर एक ओळ लिही ना, रात्री दहापर्यंत इतके मृतदेह मिळाले, शोध चालू आहे. तेवढं पुरतं त्या वेळी.

माझी स्वतःची सवय सांगते, आकडा पन्नासच्या आत असेल तर मी चार्ट काढतच नाही. ३६ चा एक बार काढून वाचकाला काय नवीन कळणार? त्यापेक्षा साधा तक्ता, नाव आणि वय, एका घरातले एकाखाली एक. आणि जमलं तर जागेचा छेद, म्हणजे मधून उभं कापल्यासारखं चित्र, स्लॅब कुठे होता, पायऱ्या कुठे, पाणी कुठपर्यंत. हे कसं झालं असेल हेच लोक एकमेकांना विचारत असतात, आणि ते चित्राने खरंच समजावता येतं. नावं घरच्यांना विचारून टाकायची. फेसबुकवरून फोटो उचलायचे नाहीत, यावर माझ्याशी वाद घालू नका.

नावांची घाई तर मोठ्यांनाही महागात पडते. २४ मे २०२० ला न्यूयॉर्क टाइम्सने पहिलं अख्खं पान कोरोनात गेलेल्यांच्या नावांनी भरलं, १,००० जणांची यादी आतल्या पानांवर पुढे चालू, प्रत्येकाबद्दल एकेक ओळ, फोटो नाही, चार्ट नाही. आमच्या क्लासमध्ये ते पान दाखवलं की पोरं गप्प होतात. पण त्यातला अगदी सुरुवातीच्या नावांमधला एक माणूस कोरोनाने गेलेलाच नव्हता, त्याचा खून झाला होता, नंतरच्या आवृत्तीत नाव काढावं लागलं. त्यांच्याकडे तपासणारी अख्खी टीम, आणि आपण व्हॉट्सॲपवर आलेली यादी तशीच चिकटवतो.

दुसरी माझी लाडकी चूक, वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळं मोजलेले आकडे एका रेषेत ओवणं. दर डिसेंबरला भोपाळ गॅसकांडाचं काहीतरी करायचंच असतं, आणि दर डिसेंबरला कोणीतरी हेच करतं. १९८४ ला सरकारने सुरुवातीला सांगितलेला आकडा २,२५९. पुढे राज्य सरकारने ३,७८७ धरले. युनियन कार्बाइड कंपनीशी १९८९ चं ४७ कोटी डॉलरचं सेटलमेंट साधारण ३,००० मृत्यू धरून झालं. २०१० ला केंद्र सरकारने सुप्रीम कोर्टात भरपाई वाढवून मागायला क्युरेटिव्ह पिटिशन (निकालानंतरची शेवटची याचिका) टाकली त्यात ५,२९५, आणि पीडितांच्या संघटना याच्या कितीतरी पट जास्त सांगतात. आता हे सगळं एक्सेलमध्ये खाली खाली टाकलं आणि लाइन चार्टचं बटण दाबलं की मस्त वर चढणारी रेघ येते, जणू लोक दरवर्षी थोडे थोडे मरत गेले! माझ्या एका विद्यार्थिनीने अशी रेघ काढली, वर हेडिंग "वाढते मृत्यू". तिच्या बाजूला बसून एकेका ठिपक्यावर बोट ठेवून विचारलं, हे कोणी मोजलं? कधीपर्यंतचे? मोजून कोणाला काय द्यायचं होतं? तिसऱ्या ठिपक्याला ती म्हणाली, "ताई, रेघ काढूनच टाकते." मग आम्ही चार वेगळे खांब केले, प्रत्येकाखाली मोजणाऱ्याचं नाव, वर्ष आणि कशासाठी मोजलं ते. दिसायला भिकार झालं ते, पण बातमी तीच होती, गेलेल्यांच्या आकड्यावर भरपाई ठरते म्हणून आकड्यावर इतकी वर्षं भांडण चालतं. सुप्रीम कोर्टाने ती पिटिशन मार्च २०२३ मध्ये फेटाळली, तो शेवटही ग्राफिकमध्ये यायला हवा, बहुतेक जण १९८४ वरच थांबतात. ते तीन प्रश्न मी मॉनिटरवर चिकटवून ठेवलेत, सॉफ्टवेअर उघडायच्या आधी कागदावर उत्तरं लिहायची. पोरांना फार बोअर होतं हे. होऊ दे.

याच्या उलटही असतं, सरकारी आकडा एकटाच आला तर शेजारी दुसरं काहीतरी ठेवून बघा. मे २०२१ मध्ये दिव्य भास्कर या गुजराती दैनिकाने गुजरातचे मृत्यू दाखले मोजले, १ मार्च ते १० मे या काळात सुमारे १.२३ लाख, आदल्या वर्षी याच दिवसांत सुमारे ५८ हजार, आणि सरकारने कोरोनाचे मृत्यू सांगितलेले ४,२१८. वाढ सुमारे ६५ हजार आणि सरकारी आकडा ४,२१८, दोनच बार लागतात याला. फक्त सगळा फरक कोरोनाचाच असं लिहून मोकळं व्हायचं नाही, दाखले उशिराही निघतात, ती ओळ चार्टच्या आतच हवी, खाली बारीक अक्षरात कोणी वाचत नाही.

लाल रंग. २०११ ला हाँगकाँगच्या साउथ चायना मॉर्निंग पोस्ट या दैनिकात ग्राफिक डिझायनर सायमन स्कारने इराकमधल्या मृत्यूंचा बार चार्ट उलटा लटकवला, लाल रंगात, रक्त ओघळल्यासारखा. नंतर डेटाचे चार्ट करणाऱ्या अँडी कॉटग्रीव्हने तोच चार्ट सरळ केला, रंग थंड केला, हेडिंग बदललं, आणि तोच डेटा मृत्यू कमी होतायत असं सांगायला लागला. म्हणजे रंग आणि हेडिंग हेच तुमचं मत असतं, ते माहीत असून करा. मला स्कारचा चार्ट आवडतो. पण त्याची नक्कल करून हेल्मेटच्या बातमीलासुद्धा रक्त ओघळवणाऱ्यांचा कंटाळा आलाय.

नकाशावरचे गोळे तपासा. मृत्यू दुप्पट म्हणून त्रिज्या दुप्पट केली की गोळा चौपट दिसतो. फ्लोरेन्स नाइटिंगेलने १८५८ लाच क्रिमियन युद्धातल्या सैनिकांच्या मृत्यूंच्या फुलासारख्या चार्टमध्ये पाकळ्यांचं क्षेत्रफळ धरून हा हिशेब नीट केला होता, हातानेच, आणि सगळ्यात मोठ्या पाकळ्या जखमांच्या नव्हत्या, टाळता येण्यासारख्या रोगांच्या होत्या, त्याही निळ्या. आपल्याकडे कॉम्प्युटर असून जमत नाही.

बाहुल्या. एक बाहुली म्हणजे १०० माणसं ठरवलं आणि मृत २५० निघाले की तिसरी बाहुली कमरेतून कापलेली छापली जाते. मी हे छापलेलं बघितलंय. एकतर एक ठिपका एक माणूस धरा नाहीतर बार काढा.

लॉग स्केल (प्रत्येक पुढची पायरी दहापट) रोगाचा वेग बघायला ठीक, मृत्यू सांगायला नको, हजार आणि दहा हजार शेजारी शेजारी बसलेले दिसतात. राज्याराज्यांची पळापळ दाखवणारी बार रेस (आकडा वाढेल तसे बार एकमेकांना मागे टाकतात तो व्हिडिओ), त्यात म्युझिक, यावर मी बोलतच नाही. टिकटिक करणारं घड्याळ लावून "तुम्ही हे वाचेपर्यंत एक जण गेला" पण नको. २०२२ ला देशात रस्त्यांवर १,६८,४९१ लोक गेले, तासाला १९, हे नुसतं लिहिलं तरी पोचतं. एआयकडून रडणारी आई काढून घेऊन मागे लावणाऱ्यांनी माझ्या क्लासला येऊ नये.

अपडेटची वेळ ग्राफिकच्या आत लिहा, कारण स्क्रीनशॉट फिरतो आणि बातमी मागे राहते.

आणि शेवटचं, शेजारची जाहिरात. अपघाताच्या ग्राफिकखाली नव्या गाडीचं ईएमआय, बुडालेल्यांच्या यादीशेजारी वॉटर पार्कचं डिस्काउंट, हे आपोआप लागतं, डेस्कवर कोणाचा दोष नसतो, तरी वाचक शिव्या आपल्यालाच देतात. त्या पानाचे जाहिरातीचे स्लॉट बंद करायला सांगा, आणि मार्केटिंगला फोन पब्लिश करायच्या आधी करा, नंतर ते उचलत नाहीत.