घरातला समुद्र: चौथ्या वाढदिवसाची तयारी

तीन आठवडे आधी एकच काम हातात घ्या, थीम ठरवणं. ती मुलाच्या मनातली हवी. थेट विचारलं तर या वयाचं मूल रोज नवं उत्तर देतं. म्हणून आठवडाभर नुसतं लक्ष ठेवा: कोणतं पुस्तक परत परत वाचायला लावतंय, कागदावर काय काढतंय, आंघोळीच्या वेळी कोणती खेळणी पाण्यात सोडतंय. आमच्याकडे लेकीच्या चौथ्या वाढदिवसाला समुद्र आला तो असाच. थीम ठरली की एक खोली आणि दोन-तीन रंग एवढ्यावर थांबा. अख्खं घर सजवण्यापेक्षा त्या थीममध्ये मुलांना खेळता काय येईल, यावर डोकं चालवा. फोटोसाठी उभारलेल्या पडद्यापुढे चार वर्षांचं मूल दोन मिनिटंही टिकत नाही.

पाहुण्यांसाठी जुना हिशेब सोपा आहे: मुलाचं वय अधिक एक. चौथ्या वाढदिवसाला पाच मित्र पुष्कळ झाले. निमंत्रण दोन आठवडे आधी द्या. त्यात सुरुवातीच्या वेळेसोबत संपण्याची वेळही लिहा. दीड ते दोन तास पुरतात. दुपारच्या झोपेवर कार्यक्रम ठेवू नका, नाहीतर केक कापायच्या वेळी रडारड ठरलेली. निमंत्रणातच दोन गोष्टी विचारून घ्या: पालकांपैकी कोणी थांबणार आहे का, आणि मुलाला दूध, अंडी, शेंगदाणे किंवा आणखी कशाची ॲलर्जी आहे का. उत्तर आलं नाही तर फोन करा. हा प्रश्न अंदाजावर सोडायचा नाही.

शेवटचा आठवडा कात्री-डिंकाचा, आणि मला सगळ्यात आवडणारा. मोठ्या कागदावर ऑक्टोपसचं डोकं काढून घेतलं आणि हातांसाठी पट्ट्या कापून लेकीपुढे ठेवल्या. तिने सात चिकटवल्या, बोट ठेवून मोजल्या आणि म्हणाली, "एक हात हरवलाय." आठवा तिने स्वतः कापला, वाकडा आणि सगळ्यांहून आखूड. तो तसाच भिंतीवर लागला. मुलाने केलेलं दुरुस्त करू नका.

खेळ दोन-तीनच, पण आधी घरात करून पाहिलेले. आमचा खरा खेळ लोकरीचा होता. निळा देवमासा तीस मीटरपर्यंत लांब वाढू शकतो. तेवढी निळी लोकर मोजून घेतली आणि दारापासून सगळ्या खोल्यांतून जमिनीवर चिकटपट्टीने लावत नेली. मुलं तोंडापासून शेपटीपर्यंत रांगत गेली. शेपटीशी प्रत्येकासाठी एक शिंपला. खेळ संपताच लोकर गुंडाळून वर ठेवा, लहान मुलांच्या गळ्याशी दोरा जाता कामा नये.

खाणं साधं ठेवा, पण कापताना घाई नको. द्राक्षं उभी चिरून चार फोडी करा; अख्खं द्राक्ष घशात अडकतं. पॉपकॉर्न आणि अख्खा सुकामेवा या वयाला नकोच. परतभेटीच्या खेळण्यात बटण सेल असेल तर ते घेऊच नका. गिळलेला सेल दोन तासांत अन्ननलिका भाजू शकतो. सोबत तीन वर्षांखालचं भावंड येणार असेल तर टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून आरपार जाणारी प्रत्येक वस्तू उचलून ठेवा.

फुगे आदल्या रात्री उशिरा फुगवा, आणि मोठ्यांनीच. फुटलेल्या फुग्याचा तुकडा मुलं तोंडात घालतात आणि तो श्वास अडवतो. म्हणून फुगा फुटला की हातातलं काम टाकून आधी तुकडे गोळा करा. मेणबत्तीजवळ फेसाचे फवारे अजिबात नकोत, त्यातले बरेच भडकतात. काडेपेटी, सुरी, कचऱ्याची पिशवी, ओला रुमाल आणि प्रथमोपचाराची पेटी एकाच उंच फळीवर ठेवा.

त्या दिवशी सकाळी आणखी एक काम. आतल्या खोलीत उशी, पांघरूण आणि दोन पुस्तकं ठेवून एक शांत कोपरा तयार करा. गोंगाटाने बावरणारं मूल बहुतेक वेळा वाढदिवसाचंच असतं. तिथे जायचं असेल तर खुशाल जाऊ दे, हे त्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा. मेणबत्ती विझवायची नसेल तर आग्रह करू नका. लवकर येणाऱ्यांसाठी टेबलावर रंग आणि माशांची चित्रं मांडून ठेवा, म्हणजे दारात अवघडून उभं राहणारं मूलही हळूच येऊन बसतं.

भेटी सगळे गेल्यावरच उघडा, आणि कोणाची कोणती ते लगेच लिहून ठेवा. सजावट मात्र त्याच रात्री उतरवू नका. आमचा ऑक्टोपस आठवडाभर भिंतीवर होता. मग लेकीनेच तो काढला, आखूड हात उशाशी ठेवला आणि बाकीचा मला दिला.