फ्लॅट बघायला निघण्याआधी: गोव्यात एजंटमार्फत घर भाड्याने घेणाऱ्यांसाठी तयारीची यादी

एजंटला दलाली मिळते ती करारावर सह्या झाल्या की. तोवर तो पहिल्या रिंगला फोन उचलतो. त्यानंतर गीझर बंद पडला, टाकीत पाणी चढेना, तरी 'मालकांशी बोलून सांगतो' एवढेच ऐकू येते. धंदाच तसा बांधलेला आहे, रागावून उपयोग नाही. म्हणून जे विचारायचे, तपासायचे, लिहून घ्यायचे ते सह्यांच्या अलीकडे उरकावे लागते, आणि त्यासाठी पहिला फोन करण्याआधी दोन संध्याकाळी घरी बसून तयारी केलेली बरी.

पहिली संध्याकाळ पैशांची. समजा भाडे 20,000 रुपये. साधारणपणे दोन ते तीन महिन्यांची अनामत, एका महिन्याचे भाडे दलाली म्हणून आणि पहिल्या महिन्याचे भाडे आगाऊ. तीन महिन्यांची अनामत धरली तर किल्ली हातात पडेपर्यंत 1,00,000 रुपये गेलेले असतात, आणि टेम्पो, नोटरी, सोसायटीचे काही पैसे असतील तर ते वेगळे. केंद्राच्या 2021 च्या नमुना भाडे कायद्यात राहत्या घराच्या अनामतीला दोन महिन्यांची मर्यादा आहे, पण तो नमुना. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही, फक्त घासाघीस करताना आकडा म्हणून उपयोगी पडतो. दलालीचा दर तर कुठल्याच कायद्याने ठरवलेला नाही. दोन-तीन महिने रिकाम्या पडलेल्या फ्लॅटसाठी पंधरा दिवसांच्या भाड्यावरही एजंट तयार होतात, विचारावे मात्र लागते. कोणी रेरा (स्थावर मालमत्ता नियमन कायदा) नोंदणीचा क्रमांक पुढे करून 'आमचा दर ठरलेला' म्हणाला तर ती नोंदणी घरांच्या विक्रीच्या व्यवहारांसाठी असते हे माहीत असू द्या. भाड्याच्या दलालीशी तिचा संबंध नाही.

दुसरी संध्याकाळ कागदांची. पॅन, नोकरीचे किंवा कॉलेजचे पत्र, दोन-चार फोटो आणि आधार. आधारची मास्क केलेली प्रत काढून ठेवा, तिच्यावर शेवटचे चार आकडेच दिसतात. पूर्ण आधार पाच एजंटांच्या व्हॉट्सॲपवर फिरू देण्याचे काही कारण नाही. प्रतीवर आडवे लिहा: 'फक्त भाडेकरारासाठी', आणि तारीख.

मग भाग ठरवा, आणि भागाबरोबर महिना. कळंगुट, कांदोळी, हणजूण, वागातोर, आसगाव, शिवोली या पट्ट्यात घराचा भाव पर्यटकांच्या हंगामावर चालतो. जूनमध्ये तोच फ्लॅट पडेल भावात मिळतो, आणि ऑक्टोबर लागला की मालकाचा 'पुतण्या परदेशातून येणार' असतो. अकरा महिने सलग राहायचे असेल तर या भागात तसे स्पष्ट लिहून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. पर्वरी, म्हापसा, ताळगाव, सांताक्रूझ, फोंड्याचा कुर्टी भाग, मडगावजवळचे फातोर्डा, वास्कोकडची चिखली इथे नोकरदार आणि विद्यार्थी जास्त, त्यामुळे बाराही महिन्यांचे भाडेकरू मालकांना हवे असतात.

आता पहिला संपर्क. फोनपेक्षा लेखी संदेश बरा, कारण 'मी असे म्हणालोच नव्हतो' याला मग जागा राहत नाही. काहीसा असा: 'टू बीएचके, पर्वरी, भाडे 20,000 पर्यंत, 1 तारखेपासून, अकरा महिने. राहणार तिघे. कृपया कळवा: इमारतीचे नाव, मजला, भाडे, अनामत, मेंटेनन्स कोण भरणार, तुमची दलाली किती व केव्हा, मालक गोव्यात आहेत का, मासळी-मटण आणि पाळीव प्राणी चालतात का.' गोव्यात मासळीबद्दल विचारायचे म्हणजे पंचाईतच, पण 'शाकाहारी कुटुंबच हवे' म्हणणारे मालक इथेही आहेत, आणि एजंट ते टोकन (फ्लॅट धरून ठेवण्याची आगाऊ रक्कम) घेतल्यावर सांगतो. इमारतीचे नाव न सांगणारा एजंट बहुधा स्वतःही दुसऱ्या एजंटकडून फ्लॅट घेऊन दाखवत असतो. वॉचमन, स्थानिक एजंट, ऑनलाइन जाहिरात टाकणारा अशी साखळी असली की दलाली एकाला दिल्यावर दुसरा दारात उभा राहतो. म्हणून 'दलाली एकूण इतकी, एकालाच' हे संदेशातच मान्य करून घ्या.

जाहिरातीतला फ्लॅट 'कालच गेला, पण दुसरा आहे, पाच हजार जास्त' असे उत्तर आले तर ती जाहिरात आमिष होती असे धरून चालायला हरकत नाही. त्याहून वाईट म्हणजे 'मी लष्करात आहे, बदली झाली, गेटपाससाठी आधी पैसे पाठवा' वाले. क्यूआर कोड पाठवून 'स्कॅन करा, तुम्हाला पैसे परत येतील' म्हणतात. यूपीआयचा पिन पैसे पाठवताना लागतो, घेताना कधीच नाही. फसवणूक झालीच तर लगेच 1930 वर फोन करा, उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकलेले असतात. फ्लॅट नुसता दाखवण्याचे पैसे मागणाऱ्याला थेट नकार द्या.

बघायला जाताना सोबत चार्जर, टॉर्च आणि मोजपट्टी ठेवा, आणि वेळ दिवसाची घ्या. संध्याकाळी सहाला दाखवलेला फ्लॅट उकाडाही लपवतो आणि भिंतीही. गोव्यात घर बघताना मनात जुलै ठेवायचा. मे महिन्यात नवा रंग दिलेल्या भिंती फार देखण्या दिसतात. पश्चिमेकडच्या खिडकीखाली हाताचा मागचा भाग टेकवून बघा, गारवा किंवा रंगाखाली पोपडा जाणवला तर ओल आहे. भिंतीतल्या कपाटाचे खालचे दार उघडून आत वास घ्या. बुरशीचा कुबट वास रंगाने जात नाही. सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडकीच्या खालच्या पट्टीत बाहेरच्या बाजूने बारीक भोके असतात, पाणी निघून जावे म्हणून. ती सिमेंटने किंवा मातीने बुजलेली असली की पावसाचे पाणी पट्टीत साठून आत खोलीत ओघळते. टॉर्च मारून दोन मिनिटांत कळते. वरचा मजला असेल तर गच्चीवर पत्र्याचे छप्पर आहे का बघा. नसेल तर स्लॅबला गळती आहे का हे एजंटला विचारू नका, समोरच्या दारावर टकटक करून विचारा. समुद्राजवळ असाल तर एसीच्या बाहेरच्या यंत्राचा आणि गॅलरीच्या ग्रिलचा गंज बघा, खारी हवा वर्षभरात काम करते.

विजेचा मीटर स्वतः शोधा, एजंट 'खाली आहे' म्हणून हात दाखवतो तेवढ्यावर थांबू नका. घरातला मुख्य स्विच बंद करायचा आणि मीटरवरचा लुकलुकणारा छोटा दिवा बघायचा. स्विच बंद असूनही तो लुकलुकत असेल तर जिन्यातले दिवे, पंप किंवा शेजाऱ्याची जोडणी तुमच्या मीटरवर आहे. वीज खात्याचे शेवटचे बिल मागा. त्यावरचे नाव, ग्राहक क्रमांक आणि थकबाकी तिन्ही वाचा. काही मालक बिल न दाखवता युनिटमागे स्वतःचा दर लावतात. वीज खात्याचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतात, तेव्हा 'सरसकट इतके रुपये युनिट' हे जवळजवळ नेहमी मालकाच्या फायद्याचे असते. मूळ बिलाप्रमाणे भरू, असे लिहून घ्या.

पाण्याचे प्रश्न भागाप्रमाणे वेगळे. बार्देश तालुक्याला (म्हापसा, पर्वरी, कळंगुटचा पट्टा) अस्नोड्याच्या प्रकल्पातून पाणी येते, आणि तिळारीच्या कालव्याचे काम निघाले की तिथला पुरवठा ढासळतो. तिसवाडी (पणजीकडचा तालुका) आणि फोंड्याला ओपाचे पाणी, सासष्टी-मुरगावला (मडगाव-वास्कोकडे) साळावलीचे. फ्लॅटमध्ये नळाला पाणी आहे म्हणजे गच्चीवरच्या टाकीत आज पाणी आहे, इतकेच. नळाचे पाणी किती वाजता येते, किती वेळ येते, जमिनीखालची टाकी किती लिटरची, एप्रिल-मेमध्ये टँकर मागवावा लागतो का आणि त्याचे पैसे कोणाच्या वाट्याला, हे चार प्रश्न सोसायटीच्या सचिवाला किंवा वॉचमनला विचारा. विहिरीचे पाणी मिसळत असतील तर कमोडवर आणि बादलीच्या कडेला लोखंडाचा पिवळसर-तांबूस डाग दिसतो. मोबाइलचे नेटवर्क प्रत्येक खोलीत उभे राहून बघा, टेकडीआडच्या वाड्यांत हॉलमध्ये सिग्नल आणि झोपण्याच्या खोलीत शून्य अशी गंमत नेहमीची. ब्रॉडबँडची तार कोणाची येते ते शेजारी सांगतील.

एवढे करूनही सर्वात जास्त चूक होते ती मालक ओळखण्यात. गोव्यात 'मालक' म्हणून समोर आलेला माणूस अनेक वाटेकऱ्यांपैकी एक असू शकतो. इथल्या दिवाणी कायद्यात लग्नानंतर सर्वसाधारणपणे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते, आणि आई-वडील गेल्यावर वाटणी होईपर्यंत घर सगळ्या वारसांचे राहते. म्हणून करारावर पती-पत्नी दोघांच्या सह्या मागा. एकटा भाऊ सही करत असेल तर बाकीच्यांचे मुखत्यारपत्र किंवा लेखी संमती मागा, नाहीतर डिसेंबरात मुंबईहून आलेली बहीण 'तुम्हाला कोणी ठेवले?' विचारायला येते. घरपट्टीची ताजी पावती (पंचायतीची किंवा पालिकेची), वीज बिल आणि खरेदीखताचे पहिले पान, या तिन्हींवरचे नाव जुळले पाहिजे. स्वतंत्र घर असेल तर एक-चौदाचा उतारा (जमीन कोणाच्या नावावर आहे ते सांगणारा सरकारी कागद) ऑनलाइन बघता येतो. शहरातल्या सर्व्हेखालच्या जागेला त्याच्याऐवजी फॉर्म डी असतो. फ्लॅटच्या बाबतीत या उताऱ्यांवर बहुधा बिल्डरचे किंवा मूळ भाटकाराचे (जमीनमालकाचे) नाव असते, त्याने दचकू नका.

मालक लंडनला, लिस्बनला किंवा आखातात असेल तर आणखी एक गोष्ट, जी एजंट सहसा बोलत नाही. अनिवासी मालकाला भाडे देताना कर कापून भरण्याची जबाबदारी भाडेकरूची असते, भाडे कितीही कमी असले तरी. दर 30 टक्के आणि वर उपकर, आणि त्यासाठी भाडेकरूला टॅन (कर कापणाऱ्याचा) क्रमांक घ्यावा लागतो. मालकाने कमी दराचा दाखला आणला तर गोष्ट वेगळी. 'केअरटेकरच्या खात्यात टाका, काही होत नाही' हे ऐकून घ्या आणि सही करण्याआधी सीएला विचारा. मालक भारतातच राहणारा असेल तर महिना 50,000 च्या वरच्या भाड्यावर 2 टक्के कापावे लागतात, त्याखाली काही नाही. घरभाडे भत्त्याची सूट हवी असलेल्यांना वर्षाचे भाडे 1,00,000 च्या वर गेले की मालकाचा पॅन द्यावा लागतो. 'पॅन मिळणार नाही' असे उत्तर आले तर ते आधीच कळलेले बरे.

करार अकरा महिन्यांचा का, तर एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदवावा लागतो. 'लिव्ह अँड लायसन्स' (भाडेपट्टा नव्हे, फक्त राहण्याची परवानगी) असे नाव देण्याचे कारण 1968 च्या भाडे नियंत्रण कायद्याची मालकांना वाटणारी धास्ती. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे, हे दोघांनाही कळलेले असावे. मसुदा एजंटकडून सहीच्या आदल्या दिवशी तरी मागा. जागेवर वाचायला दिला तर तुम्ही वाचत नाही, पाने उलटता. लॉक-इन (ठरावीक काळ करार मोडता येत नाही ती अट) दोन्ही बाजूंना आहे का, नोटीस दोघांना सारखी आहे का, अनामत घर सोडल्यापासून किती दिवसांत परत आणि तिच्यातून काय-काय कापता येईल, घर सोडताना रंगकामाचे पैसे आहेत का, मेंटेनन्स, कचरा शुल्क आणि जुनी थकबाकी कोणाची, मालकाने घरात येण्याआधी कळवायचे का, आणि मुदत वाढवताना पुन्हा दलाली लागणार नाही हे लिहिले आहे का, एवढे बघा. 'मालक केव्हाही घर रिकामे करून घेऊ शकतो' असे एखादे वाक्य तिसऱ्या पानावर लपलेले असते.

सह्या झालेल्या सगळ्या पानांची प्रत त्याच टेबलावर घ्या. गॅस, बँक, शाळा सगळीकडे ती लागते, आणि 'उद्या पाठवतो' ती प्रत येत नाही. पोलीस ठाण्यातला भाडेकरू पडताळणीचा फॉर्म भरायला मालकाला लावा आणि पोचपावतीचा फोटो स्वतःकडे ठेवा.

अनामत आणि भाडे थेट मालकाच्या बँक खात्यात, करारातल्याच नावाच्या. एजंटच्या खात्यातून नको. रोख द्यायची वेळ आलीच तर पावती घ्या, 5,000 च्या वर एक रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट लावून. आधी टोकन द्यायचे असेल तर छोटी रक्कम, आणि संदेशात: 'मालकाने नकार दिल्यास पूर्ण परत.' दलाली किल्ली मिळाल्यावर.

किल्ली मिळते त्या दिवशी सामान आत जाण्याआधी मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा: दारापासून सुरुवात, प्रत्येक भिंत, कपाटाच्या आत, गीझर चालू करून, सिंकखाली, शेवटी मीटरचा आकडा. तो त्याच दिवशी मालकाला पाठवा. किती किल्ल्या आहेत ते मोजून घ्या. एक बहुधा एजंटकडे उरलेली असते, आणि तोच तुम्ही घरात असताना पुढचे गिऱ्हाईक घेऊन येतो. मालकाला विचारून कुलपाचा सिलिंडर बदलून टाकलेला सोपा.

दहावा महिना लागला की एजंटचा संदेश येईल, 'मुदत वाढवायची का, मालक दहा टक्के म्हणतात.' त्याआधी आठवडाभर मालकाला स्वतः फोन करा. दहा टक्के कोण म्हणते आहे ते तेव्हाच कळते.