पहिलं पिल्लू घरी आणताय? मग त्याला एकटं राहायला सुरुवातीपासूनच शिकवा

पिल्लू आणायचं ठरलं की लोक आधी बेड, पट्टा, खेळणी, नावाचं लॉकेट असं सगळं ऑनलाईन मागवतात, आणि आपण घरात नसताना ते कुठे आणि कसं राहणार हा खरा प्रश्न मात्र सुट्टी संपायच्या आदल्या रात्री आठवतो. आठवडाभर मांडीवर झोपलेलं पिल्लू सोमवारी सकाळी एकदम नऊ तास बंद दाराआड. मग खालच्या मजल्यावरच्या काकू सोसायटीच्या ग्रुपवर लिहितात की दिवसभर रडतंय, संध्याकाळी घरी येऊन बघावं तर सगळीकडे शी-शू, सोफ्याचा कोपरा फाडलेला, आणि घरातलं कोणीतरी म्हणतं, देऊन टाकू या. अशी परत दिलेली पिल्लं मी फॉस्टर करते, म्हणजे नवं घर मिळेपर्यंत सांभाळते, आणि बहुतेकांत काही म्हणजे काही खोट नसते, त्यांना एकटं राहायला कोणी शिकवलेलंच नसतं.

म्हणून घराची तयारी करताना एकच गोष्ट डोक्यात ठेवा, की हे पिल्लू रोज काही वेळ इथे एकटं असणार आहे. जागा कुठली, गेट कुठे, दुपारी कोण येणार, सगळं त्यावरून ठरतं.

आधी वयाचं बोलू. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू आईपासून तोडू नका. २०१७ च्या डॉग ब्रीडिंगच्या नियमांप्रमाणे त्याआधी विकायलाही बंदी आहे, त्यामुळे कोणी पाच आठवड्यांचं पिल्लू "चांगलं खातंय, घेऊन जा" म्हणून देत असेल तर तिथून घेऊच नका. रस्त्यावरचं अनाथ पिल्लू असेल तर गोष्ट वेगळी, त्याला घ्याच, फक्त घरी न्यायच्या आधी व्हेटकडे, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकडे, न्या. आणि घरातले सगळे जण दहा-दहा तास बाहेर असतील, दुपारी येणारं कोणीच नसेल, तर दोन महिन्यांचं पिल्लू आणू नका, मोठा शांत देशी कुत्रा दत्तक घ्या. शेल्टरमध्ये असे कितीतरी चांगले कुत्रे वाट बघत असतात.

आता जागा. अख्खा फ्लॅट पहिल्या दिवशी मोकळा सोडायचा नाही. हॉलचा एक कोपरा किंवा पॅसेज निवडा, जिथून तुम्ही दिसता, फरशी धुता येते आणि पंख्याची हवा येते. बाल्कनी नको, कितीही मोठी असली तरी नको. ऊन सरकत येतं, ग्रिलच्या गजांतून दोन महिन्यांचं पिल्लू सहज पलीकडे जातं, आणि खाली गाड्यांचे हॉर्न चालू असतात. बाथरूममध्ये कोंडणंही नको, तिथे ते फक्त घाबरायला शिकतं. कोपऱ्याला प्लेपेन, म्हणजे पिल्लांसाठीचं सुटं कुंपण, लावा, नाहीतर लहान मुलांसाठी दाराला लावतात ते गेट. गेटच्या गजांमधून डोकं जात नाही ना, हे पिल्लू आणायच्या आधी बघून घ्या.

आत काय ठेवायचं तर एका टोकाला जुनी गोधडी, दुसऱ्या टोकाला शू-पॅड किंवा वर्तमानपत्र, आणि पाण्याची जड स्टीलची भांडी, दोन, कारण एक ते सांडवणारच. आई आणि भावंडांच्या अंगाखालचं फडकं मिळालं तर घेऊन या आणि गोधडीत ठेवा, पहिले दिवस त्या वासाचा फार आधार असतो. नवीन फ्लॅटमधली गुळगुळीत टाईल पिल्लांच्या पायाला वाईट, पाय फाकतात, म्हणून पायपुसणी, जुनी चटई, योगा मॅट काहीही अंथरा.

त्यानंतर गुडघ्यांवर बसा आणि त्याच्या उंचीवरून घर बघा, खरंच बसा. उभ्याने न दिसणारं खूप काही दिसतं, टीव्हीमागच्या वायरींचा गुंता, चार्जरचं लोंबणारं टोक, सोफ्याखाली घरंगळलेली गोळी, देवघराच्या खालच्या फळीवरचा कापूर, कपाटाच्या कोपऱ्यातली डांबरगोळी. कापूर आणि डांबरगोळ्या दोन्ही कुत्र्याला विषारी आहेत हे खूप जणांना माहीतच नसतं. डासांची कॉईल, लिक्विडचं रिफील, झुरळांचा खडू, उंदराचं औषध, सगळं वर कपाटात, आणि उंदराचं औषध तर घरातच नको. किचनमधले नेहमीचे धोके म्हणजे चॉकलेट, कांदा, लसूण, द्राक्षं आणि मनुका. प्रसादाच्या शिऱ्यात मनुका असतात, आजी प्रेमाने घास भरवते, म्हणून घरातल्या सगळ्यांना हे आधीच नीट सांगून ठेवा. शुगर-फ्री च्युइंगममध्ये साखरेऐवजी घालतात ते झायलिटॉलही भयंकर. ताप आला म्हणून आपली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन स्वतःच्या मनाने द्यायची नाही, कधीच नाही.

कुंड्यांचंही बघा. मनी प्लांट चावला तर तोंड जळजळतं, लाळ गळते. कण्हेर आणि पिवळी बिट्टी मात्र थेट हृदयावर जाते, आणि सागो पाम लिव्हर खराब करतो, ही तीन झाडं घरात असतील तर कोणाला तरी देऊन टाका, कुंडी उंचावर ठेवून भागत नाही कारण पानं खाली गळतातच.

पुढचा मुद्दा लसी. साधारण सहा ते आठ आठवड्यांना पहिलं इंजेक्शन, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत बूस्टर, आणि तीन महिन्यांच्या आसपास रेबीज. जंताचं औषध वेगळं. लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला पार्किंगमध्ये किंवा बागेच्या मातीत सोडू नका, कारण पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा व्हायरस जमिनीत कित्येक महिने टिकतो. पण म्हणून घरात कोंडूनही ठेवू नका. कडेवर घेऊन खाली जा, रिक्षा, भाजीवाल्याची आरोळी, शाळेतून सुटलेली पोरं, प्रेशर कुकरची शिट्टी, सगळं बघू दे, ऐकू दे. तीन-साडेतीन महिन्यांपर्यंत जे ओळखीचं होतं त्याची पुढे सहसा भीती वाटत नाही. उलट्या, रक्ताचे जुलाब, एकदम मलूल पडणं यातलं काही दिसलं तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी व्हेट. आणि खेळताना पिल्लाचे सुईसारखे दात लागून रक्त आलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन विचारा, "पिल्लूच तर आहे" म्हणून सोडून देऊ नका.

पहिली रात्र. खोका किंवा क्रेट (कुत्र्याचा पिंजरा) तुमच्या पलंगाच्या शेजारी, हात खाली सोडला की त्याला लागेल इतक्या जवळ. काही लोक सांगतात की पहिल्या रात्रीपासून वेगळ्या खोलीत झोपवा म्हणजे सवय लागेल, मला हे अजिबात पटत नाही. कालपर्यंत जे चार-पाच भावंडांच्या ढिगात झोपत होतं त्याला आज अंधाऱ्या खोलीत टाकून फक्त एवढंच कळतं की रडलं तरी कोणी येत नाही. आधी विश्वास बसू द्या, खोका मग रोज थोडा थोडा दाराकडे सरकवता येतो. रात्री एक-दोनदा शू साठी उठावं लागणारच.

शू चा हिशोब सोपा आहे, पिल्लू जितक्या महिन्यांचं तितके तास, फार तर एक तास जास्त. दोन महिन्यांच्या पिल्लाकडून सहा तासांची अपेक्षा ठेवणं म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर लगेच पॅडवर न्या, केलं की तिथल्या तिथे शाबासकी. चुकीच्या जागी केलं तर ओरडायचं नाही, नाक घासायचं तर नाहीच नाही, त्याने ते फक्त तुमच्यापासून लपून करायला शिकतं. शू चा वास पूर्ण घालवणारं एन्झाइमवालं क्लीनर मिळालं तर त्याने पुसा, अमोनियावाल्या क्लीनरने पुसलं की त्या वासाने ते परत तिथेच करतं.

आता मुख्य काम, एकटं राहणं. हे दुसऱ्या दिवसापासूनच सुरू करायचं, तुम्ही सुट्टीवर असतानाच. पिल्लं दिवसाचे अठरा-वीस तास झोपतात, त्याचा फायदा घ्या. खेळून, शू करून, खाऊन ते पेंगायला लागलं की कोपऱ्यात ठेवा, गेट लावा आणि तुम्ही तिथेच समोर लॅपटॉप घेऊन बसा. त्याच्याकडे बघत राहू नका, बोलू नका. हे जमलं की उठून किचनमध्ये जा, पाणी प्या आणि ते रडायच्या आत परत या. सगळी मेख त्या "रडायच्या आत" मध्ये आहे. मग बाथरूमचं दार लावून आत, मग बेडरूममध्ये, आणि मग घराबाहेर.

जाळीचा सेफ्टी डोअर असेल तर तो इथे फार उपयोगी पडतो. आधी नुसता जाळीचा दरवाजा ओढून तुम्ही बाहेर उभ्या राहा, पिल्लाला तुम्ही दिसताय. दहा सेकंद, आत. मग लाकडी दरवाजा अर्धा, मग पूर्ण. दर वेळी वेळ वाढवत नेऊ नका, एक मिनिट, मग तीन, मग परत अर्धं मिनिट, मग पाच, असं मागेपुढे करा, नाहीतर त्याला कळतं की प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्तच थांबावं लागतंय. अर्धा तास शांत राहायला लागलं की पुढचं बरंच सोपं जातं, कारण बहुतेक गोंधळ पहिल्या अर्ध्या तासातच होतो.

किल्ल्यांचं वेगळं करा. आमच्या भुरीला किल्ल्यांचा जुडगा वाजला की कळायचं, कान ताठ, गोधडीवरून उठून गेटपाशी, आणि अंग थरथरायचं. मग मी दिवसभरात येता-जाता किल्ल्या उचलायला लागले, उचलायच्या आणि सोफ्यावर बसायचं. चपला घालायच्या आणि भाजी निवडायची. पर्स खांद्याला लावून कपडे वाळत घालायचे. हळूहळू असं झालं की जुडगा वाजला तर ती एक कान हलवायची, मान उचलून बघायची आणि परत पंजावर हनुवटी टेकवून डोळे मिटायची. निघताना "बाळा, येते हं, रडू नकोस" असा मोठा निरोप घ्यायचा नाही, आणि परत आल्यावर चारही पाय जमिनीवर येईपर्यंत थांबून मग जवळ घ्यायचं.

जाताना काहीतरी चाटायला ठेवून जा. रबरी पोकळ खेळणं असतं त्यात साधा दहीभात, उकडलेलं गाजर, चिकनचे बारीक तुकडे भरून फ्रीझरमध्ये घट्ट करून ठेवायचं. दहीभात म्हणजे मीठ, मिरची, फोडणी काहीही नसलेला. दही किंवा चिकन त्याला मानवतं का हे आधी चमचाभर देऊन बघा. शिजवलेली हाडं मात्र कधीच नाहीत, ती फुटून आत टोचतात. एकटं असताना गळ्यात पट्टा ठेवू नका, गेटमध्ये अडकून फास बसू शकतो. जुना फोन असेल तर व्हिडिओ कॉल लावून कोपऱ्याकडे तोंड करून ठेवा, पण चार्जरची वायर त्याच्या तोंडाला लागणार नाही अशी.

त्या कॅमेऱ्यात काय बघायचं हे महत्त्वाचं. दोन मिनिटं कुईं-कुईं करून गोल फिरून झोपलं तर काही काळजी नाही, तो कंटाळा आहे. पण सतत धापा, लाळ गळून छाती ओली, दाराला नखं घासणं, गेट चावणं, आणि आवडीच्या खाऊला तोंडही न लावणं, हे घाबरल्याचं लक्षण आहे. खाऊ जसाच्या तसा पडलेला असेल तर समजा की वेळ जास्त झाला, आणि अलीकडच्या पायरीवर या. "रडू दे, आपोआप गप्प बसेल" हा सल्ला तुम्हाला दहा जण देतील. ते गप्प बसतंही, पण थकून बसतं, आणि दुसऱ्या दिवशी आधीपेक्षा लवकर घाबरतं. नीट पायऱ्या पायऱ्यांनी करूनही दोन-तीन आठवड्यांत काहीच फरक नसेल, किंवा ते स्वतःला जखमा करून घेत असेल, तर व्हेटला दाखवा आणि प्रेमाने शिकवणारा ट्रेनर शोधा, मारून गप्प करणारा नको.

दुपारचा बंदोबस्त आधीच लावून ठेवा. कामाच्या मावशींची वेळ बारा-एकला करून घेता येते का बघा, त्यांना कुत्र्याची भीती नाही ना हे आधी विचारा, आणि या जास्तीच्या कामाचे वेगळे पैसे द्या. शेजारच्या काकू, कॉलेजहून येणारा भाचा, कोणीही चालेल, फक्त पिल्लाची आणि त्यांची ओळख तुम्ही घरात असताना झालेली हवी. दुपारचं जेवण तसंही लागतंच, चार महिन्यांपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा खायला घालावं लागतं. एक जास्तीची किल्ली शेजारी ठेवा. एप्रिल-मे मध्ये लाईट गेली की बंद फ्लॅट तासाभरात तापतो, इन्व्हर्टर नसेल तर कोणीतरी दार उघडू शकणारं हवंच.

सोसायटीचं म्हणाल तर अॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट आहे की बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरू नका असंही सांगता येत नाही. पण भांडायची वेळ येण्याआधीच शेजाऱ्यांना भेटा, सांगा की नवीन पिल्लू आहे, थोडे दिवस रडेल, आम्ही शिकवतोय, आणि आवाज आला तर ग्रुपवर न टाकता मला फोन करा. पहिले आठवडे कॅमेऱ्याइतकाच त्यांच्या फोनचाही उपयोग होतो. पुण्या-मुंबईत महापालिकेचा परवानाही काढावा लागतो, त्याला रेबीजच्या लसीचं सर्टिफिकेट लागतं, ते फाईलला जपून लावा.

सहा महिन्यांचं झालं, दात बदलून झाले, की चार-पाच तास एकटं राहणं बहुतेकांना जमतं. त्याहून जास्त वेळ रोज लागणार असेल तर मधे कोणीतरी यायलाच हवं, मोठ्या कुत्र्यासाठीसुद्धा. आणि दिवाळीत फटाके सुरू झाले की ते आठवडे, मे महिन्यात गावाहून परत आल्यावरचे पहिले दिवस, किंवा घर बदललं तर, आधी कितीही छान राहत असलं तरी पुन्हा दहा सेकंदांपासून सुरुवात करा. या वेळी पायऱ्या भराभर चढतात.