प्रेट्झेल-सॉसेज बाइट्स घरी करताय? या चुका टाळा

प्रेट्झेल म्हणजे तपकिरी सालीचा जर्मन पाव. त्याच पिठाची पट्टी सॉसेजच्या तुकड्यांना गुंडाळायची, सोड्याच्या उकळत्या पाण्यात बुडवून काढायची आणि ओव्हनमध्ये भाजायची, की झाले हे बाइट्स. गेल्या पावसाळ्यात खानापूरहून नणंदेचा फोन आला. “वैनी, सगळं तुम्ही सांगितलं तसंच केलं, पण माझे पांढरेफटक झाले बघा. नुसते पावासारखे लागतायत.” पाण्यात काय घातलंस म्हणून विचारलं, तर म्हणाली, “बेकिंग पावडर.”

सगळ्यात जास्त फसगत इथंच होते. बेकिंग पावडरमध्ये सोड्याबरोबर आम्लही असतं, त्यामुळे पाण्यात पडताच दोघं एकमेकांना मारून टाकतात. प्रेट्झेलला चिंचोक्यासारखा तपकिरी रंग आणि ती खास चव येते ती क्षारामुळे. जर्मनीतले बेकरीवाले त्यासाठी कॉस्टिक सोड्याचं पाणी वापरतात. घरी त्याच्या वाटेला जाऊ नका, खायचा सोडा पुरतो. एक लिटर उकळत्या पाण्याला ४ सपाट मोठे चमचे, साधारण ६० ग्रॅम. थोडा थोडा घाला, एकदम टाकलात तर पाणी फसफसून गॅसवर येतं. भांडं स्टीलचंच घ्या. जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात सोडा उकळला की पातेलं काळं पडतं आणि पाणीही खराब होतं. तुकडे २० ते ३० सेकंदच बुडवा आणि झाऱ्यानं काढून नीट निथळा. जास्त वेळ राहिले तर कडवट, साबणासारखी चव येते.

दुसरी तक्रार, पीठ उलगडतं. याला बहुतेक वेळा ओलं सॉसेज कारणीभूत असतं. बेळगावच्या कॅम्पातून आणलेलं फ्रोझन चिकन सॉसेज पूर्ण वितळू द्या, पाच-सहा मिनिटं उकळा, गार करा आणि सुती फडक्यानं खसखसून पुसा. बोट फिरवल्यावर ओल लागता कामा नये. पट्टी गुंडाळताना थोडी ताणा, शेवटचं टोक चिमटून खाली दाबा. पट्टी रबरासारखी मागे येत असेल तर झाकून दहा मिनिटं ठेवा, जबरदस्ती करू नका. गुंडाळलेले तुकडे २० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवले की सोड्याच्या पाण्यात आकार टिकतो.

गोव्याचे पाहुणे चोर्ला घाटातून चोरीस, म्हणजे तिकडचं मसालेदार पोर्क सॉसेज, घेऊन आले तर मोह होतोच, आणि चव खरंच अप्रतिम लागते. पण ते कच्चं असतं, चरबीही भरपूर. आधी तव्यावर पूर्ण शिजवा, तेल गाळा, मगच वापरा. ओव्हनच्या पंधरा मिनिटांच्या भरवशावर राहू नका.

पिठाचं प्रमाण: २५० ग्रॅम मैदा, १४० मिली कोमट पाणी, एक छोटा चमचा इन्स्टंट यीस्ट, साखर, मीठ, चमचाभर लोणी. पुरीच्या पिठापेक्षा जरा सैल, चपातीच्या पिठापेक्षा घट्ट. बेळगावच्या जुलै-ऑगस्टच्या गारठ्यात तासाभरात पीठ फुगलं नाही म्हणून यीस्ट वाढवू नका, आंबूस वास येतो. नुसता आतला दिवा लावलेल्या बंद ओव्हनमध्ये ठेवा, दोन तास लागले तर लागू द्या.

ओव्हन २२० अंशांवर आधीच तापवा, १२ ते १५ मिनिटं भाजा. बेकिंग पेपरला तेल लावायला विसरलात तर कागद बुडाला चिकटतो, सोलून काढता काढता नाकी नऊ येतात.

मीठ खडेमीठच हवं, खलबत्त्यात जाडसर कुटलेलं. सोड्यातून काढल्यावर ओलं असतानाच लावा, वाळल्यावर ते धरत नाही. आणि जेवढे त्याच दिवशी संपतील तेवढ्यांनाच लावा. आपल्याकडच्या दमट हवेत रात्रभरात मिठाला पाणी सुटतं आणि सकाळी साल चामट होते. उरलेले बिनमिठाचे डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी ओव्हनमध्ये पाच मिनिटं गरम करून खा.