बिअर मध्येच थांबली तर आधी मोजा

या जानेवारीत माझी पेल एल (फिकट रंगाची बिअर) आंबता आंबता मध्येच अडकली. २० लिटर वर्ट (आंबवण्याआधीचा माल्टचा गोड रस), सुरुवातीची ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत घनता, १.०५६ (साखर आंबली की ती उतरते), कोरड्या एल यीस्टचं एक पाकीट. तीन दिवस एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी झाकणावरची पाण्याची नळी) सारखा बुडबुडत होता, चौथ्या दिवशी गप्प झाला. नवव्या दिवशी हायड्रोमीटरवर (ग्रॅव्हिटी मोजणारी तरंगती काचेची नळी) १.०२४. ती १.०१२ च्या आसपास उतरायला हवी होती. मी मिनियापोलिसला राहते. बाहेर उणे वीस, आणि तळघराच्या फरशीवर थर्मामीटर ठेवला तर १४ अंश. संशय लगेच थंडीवर गेला, तरी मी नेहमीच्याच क्रमाने तपासलं. तो क्रम सांगते.

एअरलॉकवर भरवसा ठेवू नका. बादलीचं झाकण घट्ट नसेल तर वायू कडेने निघून जातो आणि आत सगळं छान चालू असतं. उलट, आंबून संपलेली बिअरसुद्धा खोली तापली की विरघळलेला वायू सोडत बुडबुडते. ग्रॅव्हिटी मोजा, तीन दिवसांनी परत मोजा. दोन्ही आकडे सारखे आले तरच ती थांबली म्हणायची.

मोजतानाही फसायला होतं. नमुना एका पेल्यातून दुसऱ्यात आठ-दहा वेळा ओता, नाहीतर बुडबुडे हायड्रोमीटरला चिकटून त्याला वर उचलतात आणि आकडा जास्त दिसतो. रिफ्रॅक्टोमीटरची (थेंबातून प्रकाश किती वळतो त्यावरून साखर मोजणारं यंत्र) गोष्ट याहून वाईट. अल्कोहोल तयार झालं की त्याचा आकडा जसाच्या तसा घ्यायचा नसतो. १.०५६ ची बिअर पूर्ण उतरून १.०१२ ला आली तरी तो साधारण ७ ब्रिक्स (साखरेचं टक्केवारीतलं माप) दाखवतो, म्हणजे वरवर पाहता १.०२८. माझ्या एका मैत्रिणीने या आकड्याला घाबरून तयार झालेल्या बिअरमध्ये दोनदा यीस्ट घातलं होतं. दुरुस्तीचं गणित करणारी कॅल्क्युलेटरं मिळतात, ती वापरा.

खरंच थांबली असेल तर पुढचा प्रश्न: दमलं ते यीस्ट, की वर्टमध्ये त्याला खाण्याजोगी साखरच उरली नाही? हे अंदाजाने ठरवू नका, बिअरलाच विचारा. निर्जंतुक बरणीत २५० मिलि बिअर काढा, त्यात चमचाभर कोरडं यीस्ट घाला, तोंड सैल झाका आणि ऊबेला ठेवा. मी ओव्हन बंद ठेवून नुसता आतला दिवा लावते. हिवाळ्यात इडलीचं पीठही मी तिथेच आंबवते. आत २५ ते २७ अंश राहतात ना, ते थर्मामीटरने बघा, कारण काही ओव्हन दिव्यानेही फार तापतात. अधूनमधून बरणी हलवा. ४८ तासांनी मोजा आणि तो नमुना फेकून द्या, परत फर्मेंटरमध्ये (आंबवायच्या बादलीत) ओतू नका.

माझा नमुना १.०१२ ला उतरला. म्हणजे साखर होती, यीस्टच गारठलं होतं. तो १.०२४ लाच राहिला असता तर दोष मॅशचा, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवून साखर काढण्याच्या पायरीचा. ७० अंशांच्या वर मॅश केलं की यीस्टला न पचणाऱ्या साखरा जास्त तयार होतात. लॅक्टोज (दुधातली साखर) घातलं असेल तर तेही तसंच राहतं. अशा बिअरच्या मागे लागू नका, ती झालेली आहे, थोडी गोड आहे इतकंच. ग्लुकोअमायलेज (अशा साखरा तोडणारं एन्झाइम) घालून तिला उतरवता येतं, पण मी ते करत नाही. ते कधीकधी १.००० च्याही खाली नेतं आणि बिअर पातळ, पाणचट लागते.

गारठलेल्या यीस्टला आधी ऊब द्या. मी फर्मेंटर फरशीवरून लाकडी स्टुलावर उचलला, भोवती हीटिंग बेल्ट लावला आणि दिवसभरात हळूहळू २० अंशांवर आणला. मग झाकण न उघडता दोन्ही हातांनी हलकेच गोल फिरवला, म्हणजे तळाशी बसलेलं यीस्ट पुन्हा वर येतं. पळी घालून ढवळायचं नाही. या टप्प्यावर हवा मिसळली की बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते.

चार दिवसांत हालचाल नसेल तरच नवं यीस्ट, तेही जागं झालेलं. लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम कोरडं माल्ट एक्स्ट्रॅक्ट उकळा, गार करा, यीस्ट घाला आणि वर फेस चढला की सगळं फर्मेंटरमध्ये ओता. कोरडं यीस्ट थेट अल्कोहोलमध्ये भुरभुरलं तर बहुतेकदा काहीच होत नाही.

आणि कृपा करून अर्धवट बिअर बाटलीत भरू नका. ग्रॅव्हिटीचे दोन अंक (०.००२) उतरले की बिअरच्या आकारमानाइतका, म्हणजे एक व्हॉल्यूम, कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पेल एलला फेसासाठी एकूण अडीच व्हॉल्यूम पुरतात. माझ्या बिअरमध्ये बारा अंक शिल्लक होते, म्हणजे सहा व्हॉल्यूम, वर बाटलीत घालायची साखर वेगळी. काच फुटते आणि डोळ्यांत जाऊ शकते.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी: तिथे परवान्याशिवाय घरी बिअर करणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे. अमेरिकेत १९७८ साली कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यामुळे स्वतःपुरती करता येते.

माझी पेल एल ऊब मिळाल्यावर दुसऱ्या संध्याकाळी हलली. सतराव्या दिवशी १.०१३, विसाव्या दिवशीही १.०१३. एकविसाव्या दिवशी बाटल्या भरल्या.