टीव्ही टांगताय? आधी भिंत ओळखा

टीव्ही भिंतीवर लावायचा म्हटलं की लोक ब्रॅकेट केवढ्याला पडेल ते विचारतात. मी विचारतो, घर कधी बांधलंय? उद्यमबागेत मशीनवर काम करतो, घरी ड्रिल आहे, त्यामुळं शहापूर-वडगावातल्या ओळखीच्या घरांतली ही कामं माझ्याकडं येतात. आमच्या बेळगावात एकाच घराच्या भिंती वेगवेगळ्या निघतात. पुढचा सोपा मातीचा नाहीतर जांभ्या दगडाचा, मागं वाढवलेली खोली विटांची, वरचा मजला सिमेंट ब्लॉकचा. स्क्रू तोच असला तरी पकड तीच मिळत नाही.

म्हणून टीव्हीमागं झाकलं जाईल अशा जागी ६ मिलिमीटरच्या बिटानं एक भोक पाडून बघा, खाली कागद धरा. पहिली पूड गिलाव्याची, ती सोडून द्या. पुढं लाल, कोरडी पूड आली आणि जोर एकसारखा लागला तर वीट. राखाडी आली तर काँक्रीट किंवा सिमेंट ब्लॉक. तांबूस-पिवळी पूड येतेय आणि बिट मध्येच आत घसरतंय, तर जांभा. त्याच्या पोटात पोकळ्या असतात. बिट काही जोर न लावता आत गेलं आणि माती पडली, तर ड्रिल ठेवून द्या. मातीच्या भिंतीवर टीव्ही टांगायचा नाही, स्टँड किंवा टेबल घ्या. पोरं खाली खेळत असतात हो.

वीट आणि काँक्रीटचं काम सोपं आहे. १० मिलिमीटरचं भोक, त्यात प्लास्टिकची गिट्टी, आणि गिट्टी गिलाव्यात न अडकता खऱ्या भिंतीत बसली पाहिजे. भोकातली पूड फुंकून काढल्याशिवाय गिट्टी ठोकू नका.

जांभ्याला मात्र वेळ द्यावा लागतो. ड्रिलचं हॅमर बंद करा, नाहीतर भोक फाकतं आणि गिट्टी नुसती फिरत राहते. आधी बारीक बिट, मग मोठं. दोन चिऱ्यांच्या सांध्यात भोक नको, चिऱ्याच्या मधोमध घ्या. माझी पद्धत अशी: ब्रॅकेटपेक्षा मोठी १८ मिलिमीटरची प्लायवूडची फळी आधी लांब स्क्रूंनी भिंतीला सात-आठ ठिकाणी धरायची, आणि ब्रॅकेट त्या फळीवर मारायचा. वजन वाटून जातं. पुढं ओढून वळवायचा हाताचा ब्रॅकेट जांभ्यावर लावूच नका. टीव्ही पुढं आला की वरचे स्क्रू उपसायला लागतात.

वायरचं बघा. स्विचबोर्डाच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत भोक पाडायचं नाही, पाइप तिथूनच गेलेला असतो. त्या खोलीचा एमसीबी, म्हणजे मेन बोर्डावरचा स्विच, बंद करा आणि ड्रिलला दुसऱ्या खोलीतून एक्स्टेन्शन घ्या.

उंची ठरवताना घरातली माणसं कुठं बसतात ते पाहा. सोफ्यावर बसत असाल तर स्क्रीनचा मध्य जमिनीपासून साधारण १०५ सेंटिमीटरवर. आमच्याकडं आजी सतरंजीवर बसतात, तिथं तो ८० च्या आसपास आणा. उंच लावलेल्या टीव्हीनं त्यांची मान आखडते, आणि त्या बोलून दाखवत नाहीत. गणपतीची आरास ज्या भिंतीला होते ती सोडा. पश्चिमेची बाहेरची भिंतही नको, आपल्याकडच्या पावसात ती ओल धरते.

टीव्हीच्या मागच्या चार भोकांमधलं अंतर मोजून घ्या. २०० बाय २०० लिहिलं असेल तर ते मिलिमीटरचं अंतर. बोल्ट हातानं फिरला पाहिजे. अडला तर माप चुकीचं आहे, पान्यानं रेटू नका. लांब बोल्ट आतला भाग फोडतो.

ब्रॅकेटची भिंतीवरची पट्टी पाणसळ लावून सरळ करा. सगळे स्क्रू आवळले की पट्टी दोन्ही हातांनी खाली ओढून बघा. जरा जरी हलली तर उतरवा. भिंतीला चिकटून बसणारा, न वळणारा ब्रॅकेट असेल तर एचडीएमआयच्या वायरी आधीच खोचून घ्या, नंतर हात जात नाही. मग दोघांनी कडा धरून टीव्ही चढवा, काचेवर बोटं दाबू नका.

प्लग हाताला सहज लागेल असा ठेवा. एप्रिल-मे मध्ये वळीव गडगडायला लागला की प्लग आणि डिशची वायर, दोन्ही काढायची असतात. नुसतं रिमोटनं बंद करून वीज अडत नाही.