पेटी वाजवणाऱ्या पोरांनी गेमचं म्युझिक कसं करायचं

आपल्या सिंधुदुर्गात वाडीवाडीत पेटीवर हात बसलेलं एखादं पोरगं असतंच, डबलबारी भजनं ऐकून ऐकून चाली उचललेलं, आणि त्यातली बरीच रात्री मोबाईलवर गेम खेळत बसतात, पण त्या गेमचं म्युझिक आपणपण करू शकतो हे त्यांना कोणी सांगतच नाही. म्हणून हे लिहितोय, आणि समोर ठेवतोय फायनल फँटसी या जपानी गेमचं म्युझिक करणारे नोबुओ उएमात्सू यांचं करिअर, कारण त्यांची वाट आपल्याला धरता येते.

हा माणूस १९५९ साली जपानच्या कोची शहरात जन्मला, तेपण समुद्राकाठचंच गाव. पियानो स्वतःचा स्वतः शिकले. टोकियोत म्युझिक भाड्याने देणाऱ्या दुकानात काम करत असताना स्क्वेअर कंपनीतल्या ओळखीच्या माणसाने गेमसाठी चाली करशील का विचारलं, हे हो म्हणाले, आणि १९८७ ला फायनल फँटसी आला.

आता कामाचं. तेव्हाच्या फॅमिकॉम या गेम खेळायच्या मशीनमध्ये सूर वाजवायला तीनच चॅनेल, दोन पल्स आणि एक ट्रँगल (ही आवाजाच्या जातींची नावं), शिवाय ठेक्यासाठी नॉइज, म्हणजे खरखर, आणि छोट्या सॅम्पलचा, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या आवाजाचा एक. प्रत्येक चॅनेलवर एका वेळी एकच सूर, म्हणजे एकाच चॅनेलवर कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे तीनचार सूर, धरायचा तर तो फोडून एकामागून एक वाजवायचा. फायनल फँटसीतला त्यांचा प्रील्यूड हा तुकडा असाच आहे. पेटीवर सा रे ग प घ्या, तेच वरच्या सप्तकात चढवत न्या, मग उतरा, नंतर ध नी सा ग तसंच. हे रोज वाजवा. आपला भजनाचा कान चालीला पक्का असतो पण हार्मनीची, म्हणजे सूर एकमेकांच्या जोडीने ऐकायची, सवय नसते, ती इथे लागते.

मग लॅपटॉपवर फॅमीस्टुडिओ टाका, फॅमिकॉमच्या आवाजात म्युझिक करायचं सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे. एका पल्सवर चाल, दुसऱ्यावर फोडलेले कॉर्ड, ट्रँगलवर खर्ज, नॉइजवर ठेका. ट्रँगलचा आवाज कमीजास्त होत नाही, त्यामुळे खर्ज कुठे थांबवायचा हे ठरवूनच लिहावं लागतं. पावसात लाईट गेली तर पेटी आहेच, चाल तिच्यावरच बांधा, मला तर तीच पद्धत जास्त आवडते कारण नुसत्या पेटीवर जी चाल उभी राहत नाही ती महागड्या आवाजांनीपण उभी राहणार नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लूप. गेममध्ये तुकडा फिरून फिरून वाजतो, खेळणारा एकाच ठिकाणी अर्धा तास अडकू शकतो, म्हणून शेवटी सा वर येऊन बसू नका, पंचमावर सोडा म्हणजे पुढची सुरुवात आपोआप ओढली जाते. सोळा मात्रांचा तुकडा छोटा पडतो, सोळा बारचा करा, बार म्हणजे बहुतेकदा चार मात्रांचा एक गट. लढाईच्या तुकड्याला एकदाच वाजणारी सुरुवात द्या आणि लूप तिच्यानंतर लावा.

एक चाल जमली की तीच संथ करा, तीच कोमल ग आणि ध घेऊन उदास करा, तीच लढाईला चालेल अशी करा. दशावतारात राक्षस आला की मृदंग-झांजेचा नूर बदलतो ना, तसं पात्रागणिक काम उएमात्सूंनी १९९४ च्या फायनल फँटसीच्या सहाव्या भागात केलंय, त्यात ऑपेराचा अख्खा प्रसंग आहे. तोवर आलेल्या नव्या मशीनला आठ चॅनेल होते. मग १९९७ च्या सातव्या भागात शेवटच्या लढाईला माणसांचा कोरस घेतला. म्हणजे साधनं वाढत गेली तसं वाढवलं, चाल मात्र आधीपासून होती. २००४ ला नोकरी सोडून स्वतंत्र झाले आणि २००९ ला गुइन सागा या ॲनिमेला, म्हणजे जपानी कार्टून मालिकेला, संगीत दिलं. टीव्ही ॲनिमेत बरेचदा चित्र पूर्ण व्हायच्या आधीच मूडप्रमाणे तुकडे मागवतात आणि कुठला कुठे लावायचा हे साउंड डायरेक्टर ठरवतो, त्यामुळे एका चालीची तीन रूपं करायची सवय तिथेपण कामाला येते.

तीन लूप तयार झाले की त्यांची वेव्ह (ऑडिओ) फाईल काढा आणि इच डॉट आयओ या वेबसाईटवरच्या गेम जॅममध्ये, म्हणजे ठरलेल्या थोड्या दिवसांत गेम करायच्या उपक्रमात, टीम शोधा. प्रोग्रॅमिंग आणि चित्रं करणारे पुष्कळ मिळतात, म्युझिकवाला बऱ्याच टीमना हवा असतो. मेसेजमध्ये लांबलचक ओळख नको, लूपची लिंक द्या आणि किती दिवसांत किती तुकडे देऊ शकता ते लिहा.